खाडेसाहेबांचं हँडल

"गार," खाडेसाहेब म्हणाले.

त्यांनी स्नो स्कूटर वर्कशॉपच्या तंबूच्या दारात आणून उभी केली होती. इंजिन अजून धडधडत होतं. मिशीवर बर्फ साठला होता आणि चेहऱ्यावर मानपान चुकलेल्या व्याह्याचा राग होता.

"साहेब, उजव्या बाजूची तार नवी घातलीय. डावी बी बघितली. म्या सोता हात लावून..."

"सर्जेराव, मी काय कानडीत बोलतोय का? गार म्हंजे गार. आमच्या म्हसवडच्या यष्टी स्टँडवरचा नळ बी ह्याच्यापरीस ऊन असतो."

एवढं बोलून ते उतरले आणि हातमोजे झटकत निघून गेले. मी मागून हँडलला हात लावून पाहिला. मला ते गरम लागलं. पण मी होतो नायक आणि ते होते सुभेदार. फौजेत एकाच वस्तूबद्दल दोन मतं झाली, तर वस्तू वरिष्ठाच्या मताप्रमाणे वागते.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. अठरा हजार फुटांवर आमची एक चौकी होती. तिचं नाव सांगण्यासारखं नाही, आणि सांगितलं तरी कुणी तिकडं हवापालटाला जाणार नाही. माणसं अकरा. त्यांत कॅप्टन नेगी म्हणून पंचवीस वर्षांचे एक पहाडी साहेब, सत्तावीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार रामोजी खाडे, आणि यंत्रांची देखभाल करायला मी, नायक सर्जेराव मोहिते. भरतीआधी विट्यात वडिलांच्या दुकानात मी मोटारी गुंडाळायचो. शेतीपंपाची मोटार जळली की तिची तांब्याची तार उसवून नवी भरायची, हा आमचा धंदा. त्यामुळं तार, ताप आणि जळका वास या तीन गोष्टींत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

स्नो स्कूटर म्हणजे बर्फावरची मोटारसायकलच. पुढं चाकाऐवजी दोन घसरपट्ट्या आणि मागं रबराचा रुंद पट्टा. हेलिकॉप्टर जिथं उतरायचं तिथून चौकीपर्यंत रॉकेल, बटाटे आणि टपाल तीच आणायची. तिच्या हँडलच्या दोन्ही मुठींत, रबराच्या आत, बारीक तार गुंडाळलेली असते. इंजिन चालू झालं की ती तापते आणि चालवणाऱ्याची बोटं शाबूत राहतात. आता खाडेसाहेबांचं म्हणणं होतं की पंधरा दिवसांपासून मुठी तापतच नाहीत.

यात माझं काय अडलं होतं? माझं लग्न अडलं होतं.

पहिला मुहूर्त मार्गशीर्षात होता. तेव्हा नऊ दिवस वादळ चाललं, हेलिकॉप्टर आलंच नाही, आणि तिकडं जात्यावर हळद दळून झाली तरी इकडं मी बटाटे सोलत बसलो होतो. मग मुलीच्या वडिलांचं, आण्णा निकमांचं कार्ड आलं. त्यांचा स्वभाव मोजक्या शब्दांचा. 'दुसरा मुहूर्त एकवीस फेब्रुवारी. त्या दिवशी मांडवात तुम्ही नसलात, तर मांडवात दुसरा कुणीतरी असेल.'

मुलगी म्हणजे शालन. तिला मी एकदाच पाहिली होती, पोह्यांच्या वेळी. घरच्या चार म्हशी. मी आपला बर्फ किती, वारा किती, डोळ्यांतलं पाणी कसं गोठतं अशा बढाया मारत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मग तिकडं दही कसं लावता?"

"लावत नाही."

"मग जेवता कशाशी?"

येताना मोटारीत ठरवून टाकलं की करीन तर हिच्याशीच.

गुरुवारी, म्हणजे अकरा तारखेला, हेलिकॉप्टर यायचं होतं आणि परत जाताना त्यात एकच माणूस बसणार होता. त्यानंतरचं तीन आठवड्यांनी. रजेच्या कागदावर खाडेसाहेबांची शिफारस लागायची. रविवारी मी कागद पुढं केला, तर त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला.

"हँडल ऊन झालं की सही. तू खाली गेलास तर हितं तार कोण जोडणार? तुजा सासरा?"

माझ्याकडं चार दिवस होते.

सोमवारी मी जरा डोकं चालवलं. मुठीतली तार तापते, पण आतली हँडलची नळी लोखंडी आणि बर्फासारखी थंड, ती सगळी ऊब पिऊन टाकते. तेव्हा तार आणि नळी यांच्यामध्ये काहीतरी आड घालायला हवं. मोटार गुंडाळताना आम्ही सुती पट्टी घालतो. ती तिथं कुठली मिळायला? मी माझा लोकरीचा पायमोजा कापला आणि नळीला घट्ट गुंडाळून वर तार चढवली. तार मिळवली लंगरातल्या विजेच्या शेगडीची स्प्रिंग उलगडून. लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. शेगडीला पुरेशी वीज चौकीवर कधीच नसायची, त्यामुळं ती नुसतीच मांडून ठेवलेली होती. संध्याकाळी हात लावला तर बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीसारखी छान ऊब येत होती.

खाडेसाहेब चक्कर मारून आले.

"गार."

"साहेब, माझा एक मोजा गेला ह्यात!"

"मग दुसरा बी घाल."

मोजमाप तरी कशानं करावं? चौकीवरचा थर्मामीटर शून्यापासून खाली जाणारा होता. वर जायची त्याला सवयच नव्हती. ताप मोजायचा काचेचा होता तो नर्सिंगवाल्या पोराच्या पेटीत, आणि तो पेटीला कुलूप लावून रजेवर गेलेला. मला एक साक्षीदार हवा होता, आणि तोही असा की ज्याला सुभेदारसाहेबांची भीती वाटत नाही.

तेव्हा मला दही आठवलं.

दह्याचं असं होतं की खाडेसाहेबांचा जीव दह्यात अडकलेला होता. माणदेशी माणूस, ताकाशिवाय भाकर उतरायची नाही. त्यांची मंडळी दर पत्राबरोबर एक फडक्याचा तुकडा पाठवायची. त्यावर घट्ट विरजण लावून वाळवलेलं असायचं. असं फडकं कोमट दुधात बुडवलं की घरचं दही लागायला हवं. पण चार महिने झाले तरी दही म्हणून लागलं नव्हतं. बुखारीजवळ, म्हणजे तंबूतल्या रॉकेलच्या शेगडीजवळ, ठेवलं की भांड्याची एक बाजू उकळायची आणि दुसरी गोठायची. तरी साहेब हटायचे नाहीत. रोज दुधाच्या पावडरीचं दूध उकळायचं, भांडं घेऊन लंगराच्या मागं वाऱ्यात उभं राहायचं, मोजा काढून करंगळी बुडवायची, 'बोटाला सोसलं पायजे' म्हणायचं, पँटीला बोट पुसायचं, पुन्हा दुसरं बोट बुडवायचं. आम्ही हसायचो. त्यांनाही ते माहीत होतं.

आणि हाच माणूस रोज सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून हातपाय तपासायचा. "मोजा काढला तर बोट जाईल. बोट सरकारचं हाय, तुमच्या बापाचं न्हाय." त्यांचे हात तपासायचे असतात हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तर सोमवारी रात्री मी स्टीलच्या पेल्यात कोमट दूध घेतलं, त्यात फडक्याचा तुकडा टाकला, सुट्या काढलेल्या दोन्ही मुठी पेल्याला दोन बाजूंनी बांधल्या, वरून उरलेला मोजा चढवला आणि तारा बॅटरीला जोडून झोपी गेलो. मंगळवारी सकाळी मोजा उतरवला. पेला आडवा धरला. आतलं जागचं हललं नाही. वर पातळ साय, कडेला थोडं पाणी. लागलं होतं!

मी पेला घेऊन खाडेसाहेबांच्या तंबूत गेलो. त्यांनी चमचा घातला, तोंडात धरला आणि डोळे मिटले.

"आरं, लागलं की रं," ते म्हणाले. "बोलव समद्यांना."

अकरा माणसांना एकेक चमचा आला. कॅप्टन नेगींना साय मिळाली. सगळे एकमेकांकडं पाहून हसत होते, चौकीवर बारसं असावं तसं.

"कशावर लावलंस?" साहेबांनी विचारलं.

"हँडलवर. स्कूटरच्या."

त्यांचा चमचा थांबला. "खोटं बोलू नगंस. हँडल गार हाय."

"साहेब, गार असतं तर दही..."

"दही अडानी असतंय. त्याला काय कळतंय?"

ते तडक वर्कशॉपात आले. मुठी बॅटरीला जोडलेल्याच होत्या. त्यांनी मोज्यासकट एक घट्ट धरली, मग माझ्याकडं पाहिलं. "ही बघ. गार." कॅप्टन नेगींनी धरून पाहिली. त्यांचं हिंदी मी इथं मराठीतच सांगतो. ते म्हणाले, "खाडेसाहेब, मला तर गरम वाटतेय." साहेब म्हणाले, "आपण जवान आहात सर. आपलं रक्तच गरम आहे." मग चौकीतल्या प्रत्येकाला मूठ धरायला लावलं. आठ जण गरम म्हणाले. नववा म्हणाला, "साहेब म्हणतील तशी."

"बघा!" खाडेसाहेब त्या नवव्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "ह्याला म्हनतात इमान."

कॅप्टन नेगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मोहिते, म्हाताऱ्याचं मन मोडू नको. अजून थोडी गरम कर. तुझं लग्न आहे."

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. तार आखूड केली की ताप वाढतो, एवढं मला कळत होतं. मंगळवारभर मी तार आखूड करत गेलो. आधी हातभर होती, ती वीतभर कमी केली. संध्याकाळी साहेबांनी चक्कर मारली. "गार. पर जरा बरं हाय," ते म्हणाले. त्यांना माझी दया येत असावी. बुधवारी सकाळी आणखी चार बोटं कमी केली. रात्री पुन्हा दूध लावलं होतं, ते सकाळी फाटून निव्वळ पाणी झालं होतं. म्हणजे दही म्हणत होतं की फार झालं, आणि सुभेदारसाहेब म्हणत होते की अजून पाहिजे.

बुधवारी दुपारी ते वर्कशॉपात आले. बाहेर ऊन पडलं होतं, बर्फावरून डोळे दिपत होते. उद्या हेलिकॉप्टर होतं.

"लाव बॅटरी. आज मोजा न काढता मी मानणार न्हाय."

मला त्या बोलण्याचा अर्थ लागेपर्यंत त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि उघड्या हातानं हँडल धरलं. मी घड्याळाकडं बघत होतो. अर्धं मिनिट झालं असेल.

"न्हाय बा," ते म्हणाले. "काल हुती तशीच. बर्फाची कांडी."

तंबूत वास येऊ लागला. माझ्या आयुष्यात मी शेकडो मोटारी जळालेल्या हुंगल्या आहेत. वार्निशचा वास वेगळा, रबराचा वेगळा, कापडाचा वेगळा. हा त्यांतला कुठलाच नव्हता.

साहेबांनीही नाक वर केलं. "लंगरात आज मटन हाय व्हय?"

"आज बुधवार, साहेब. डाळ हाय."

"मग वास कसला?"

मी झेप घेऊन त्यांचा हात ओढला. तळव्यावर मुठीच्या खाचा उठल्या होत्या आणि त्यातून धूर येत होता. पण मी तळव्याकडं पाहतच नव्हतो. मी बोटांकडं पाहत होतो. चार बोटं मधल्या पेरापर्यंत मेणबत्तीच्या रंगाची झाली होती. टोकांना काळसर. माझ्या हातातून त्यांचा हात सुटला आणि बोटं टेबलाच्या कडेवर आपटली. टक असा आवाज आला, लाकूड लाकडावर आपटल्याचा.

दोघांनीही तो ऐकला.

"हँडल खराब हाय," खाडेसाहेब म्हणाले.

मी दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या. एकीच्या तारा बॅटरीला लावल्या, दुसरी तशीच ठेवली, आणि दोन्हींवर पोतं टाकलं. "साहेब, आता सांगा. ह्यातली ऊन कंची?"

त्यांनी पोत्याखाली उजवा हात घातला. मग डावा मोजा काढून डावा घातला. डाव्याचीही दोन बोटं तसलीच होती. बराच वेळ ते चाचपत राहिले. परीक्षेत मुलाला उत्तर येत नाही आणि मास्तरांकडं बघता येत नाही, तसे ते तंबूच्या छताकडं बघत होते.

"ही," ते म्हणाले.

ती गार होती. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना कळलं. दुधात बुडवलेली ओली बोटं घेऊन हा माणूस चार महिने वाऱ्यात उभा राहिला होता, आणि बोटं जात होती तेव्हा त्याला वाटत होतं की जगातल्या वस्तू थंड होत चालल्यात.

ते स्टुलावर बसले. मग एकदम हळू, आर्जवाच्या आवाजात म्हणाले, "सर्ज्या, तुजा रजेचा कागद कुठाय?"

"खिशात हाय."

"आण. सही करतो. हँडल ऊन झालं, असं लिवतो. उद्या तू जा, लगीन लाव. फकस्त हे कुनाला बोलू नगंस. चार महिन्यांनी मी रिटायरच हुतोय. सुभेदार खाडे बोटं गारठली म्हनून खाली आला, आसं गावात नगं. आरं, मी लोकांची बोटं तपासनारा मानूस."

मी कागद काढून टेबलावर ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. होय, दिलं. खोटं कशाला बोलू? मला शालन दिसत होती, म्हशी दिसत होत्या, आण्णा निकमांचं कार्ड दिसत होतं. चार महिन्यांनी जातीलच की खाली, असं माझं मन मला सांगत होतं, आणि ते मला पटतही होतं.

त्यांनी कागदावर सही केली. रा, मो, जी, खा, डे. शेवटी नेहमीची तिरकी रेघ मारली आणि हात उचलला. "घे. जा, सुखी राहा."

कागद कोरा होता. पेन पहिल्याच अक्षराला त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडलं होतं. त्यांनी रिकाम्या बोटांनी अख्खी सही केली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

मी पेन उचललं नाही. तसाच उठलो आणि कॅप्टन नेगींच्या तंबूकडं चालू लागलो. मागून ते दोनदा हाका मारत होते. पहिली हाक सुभेदाराची होती आणि दुसरी नव्हती.

नेगीसाहेबांनी हात पाहिले, वायरलेसवर दवाखान्याशी बोलले आणि माझ्याकडं वळले. "डॉक्टर म्हणतात आणखी चार दिवस गेले असते तर दोन्ही पंजे गेले असते. उद्या पाठवायचं. मोहिते, सीट एकच आहे."

"ठाऊक हाय, साहेब."

"तुझं लग्न?"

मी म्हटलं, "त्याला बोटं लागत नाहीत." का म्हटलं कुणास ठाऊक. बाहेर येऊन मात्र स्कूटरच्या आडोशाला बसलो आणि पोटभर रडलो. डोळ्यांतलं पाणी खरंच गोठतं.

गुरुवारी सकाळी खाडेसाहेब तयार होऊन वर्कशॉपात आले. दोन्ही हातांना जाड पट्ट्या. माझ्याकडं न बघता स्कूटरकडं बघून बोलले.

"करवत घे. उजव्या अंगाची मूठ नळीसकट काप."

"कशाला, साहेब?"

"पुरावा लागंल. आन ती कालची आखूड तार काढ. सोमवारची घाल. दह्याची."

मला वाटलं, म्हातारा खाली जाऊन माझ्याविरुद्ध तक्रार करणार. हातातोंडाशी आलेलं लग्न मी यांच्यापायी सोडलं आणि हे माझी चौकशी लावणार. रागानं माझे कान तापले. तरी हुकूम तो हुकूम. सोमवारची तार मोजून घातली, वीतभर नळी करवतीनं कापली, दोन तारा बाहेर सोडल्या आणि मूठ त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत ठेवली. हेलिकॉप्टर दहा मिनिटं थांबलं. पंख्यांच्या आवाजात ते मला काहीतरी ओरडून म्हणाले. मला फक्त "गावाचं नाव" एवढं ऐकू आलं. मी मोठ्यानं सांगितलं. तेही तक्रारीतच घालणार असतील, असं मी धरून चाललो.

एकवीस तारखेला रविवार होता. मुहूर्त गोरजाचा. मी संध्याकाळी स्कूटरवर जाऊन बसलो. उजवीकडं नुसती नळी उघडी, डावीकडं मूठ. डाव्या मुठीवर हात ठेवून बसून राहिलो. नेगीसाहेब आले, शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "ती उजवी मूठ वर काय म्हणून कळवू?"

"वाऱ्यानं नेली म्हणून कळवा."

त्यांनी तसंच कळवलं. वरून उत्तर आलं, 'यापुढे मुठी आत ठेवाव्यात.'

मार्चमध्ये हेलिकॉप्टर आलं. टपालात माझ्या नावचं एक जाड पाकीट होतं. अक्षर अनोळखी, ठसठशीत, बायकी. मी ते वर्कशॉपात नेऊन उघडलं. पत्र शालनचं होतं.

तिनं लिहिलं होतं: 'एकवीस तारखेला दुपारपर्यंत तुमचा पत्ता नव्हता. आण्णांनी आधीच भाळवणीच्या पाहुण्यांचा मुलगा सांगून ठेवला होता. तो बाशिंग पिशवीत घेऊनच आला होता आणि दोनदा जेवला होता. तेवढ्यात यष्टीतून एक मिलिटरीवाले उतरले. कोपरापर्यंत पट्ट्या आणि गळ्यात पिशवी. मांडवात येऊन म्हणाले, नवरदेव आणलाय.

आण्णा म्हणाले, कुठाय? त्यांनी पिशवीतून एक काळी मूठ काढायला लावली. म्हणाले, माझ्या पणज्याचं लगीन खांड्याबरोबर लागलं होतं, तो तेव्हा लढाईवर होता. हा पोरगा बी सरहद्दीवर हाय आणि माझ्यापायी अडकलाय. भटजी म्हणाले, खांडा म्हणजे शस्त्र, ही काय वस्तू आहे? ते म्हणाले, हे सरकारी हाय, आणि सरकारी वस्तू मोजायची पद्धत तुमच्या पंचांगात न्हाय. आण्णांनी बराच वाद घातला. मग साहेबांनी पट्ट्या दाखवल्या आणि सगळी हकिकत सांगितली. दवाखान्यातून आठ दिवसांची सुट्टी काढलेला कागद पण दाखवला. त्यावर कारण लिहिलं होतं, मुलाचं लग्न. आण्णा तो कागद वाचून घरात गेले आणि थोड्या वेळानं फेटा बांधून बाहेर आले. भाळवणीचा मुलगा तिसऱ्यांदा जेवून गेला.

मुठीला मुंडावळ्या बांधल्या. साहेबांनी दादाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला लावली आणि पाटाखाली ठेवून तारा जोडल्या. लोक हसत होते. ते म्हणाले, पोरीच्या हाताला नवऱ्याचा हात गार लागला तर ती काय म्हणंल? अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, पोरी, हात लावून बघ. ऊन हाय का? माझ्या बोटांना कळत न्हाय. तीन गेली, सात हायती, पर त्यांना अजून कळत न्हाय.

मी हात लावून बघितला आणि म्हटलं, कोमट आहे. दही लागेल.

एवढ्यावर ते भर मांडवात लहान पोरासारखे रडले. एवढं रडण्यासारखं मी काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.'

मी पत्र दोनदा वाचलं. मग उत्तर लिहायला बसलो. कळलं होतं मला, पण ते कागदावर उतरेना. शेवटी एवढंच लिहिलं, की पुढच्या पत्रातून फडक्याला लावून थोडं विरजण पाठव.